सिस्टर-इन-लॉ म्हणजे नक्की कोण? आणि सिस्टरहुडचं काय करू?

अर्धविराम

मंडळी, मदत हवी आहे. पण आधी थोडं हसून घ्या, म्हणजे मला कमी लाज वाटेल.

एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे. तीन पिढ्यांतल्या बायकांची गोष्ट. आजी १८९०च्या आसपासच्या इंग्लंडमधली, तिची मुलगी पहिल्या महायुद्धात रुग्णालयात काम करणारी आणि नात १९६८ साली अमेरिकेत कॉलेजात. पानोपानी सिस्टर, सिस्टर आणि सिस्टर. आधी वाटलं होतं, सगळ्यात सोपा शब्द हाच.

तर पहिल्या प्रकरणापासून आजीची एक सिस्टर-इन-लॉ आहे. एकाच घरात राहते, स्वयंपाकघरावरून धुसफूस चालते. मी बेधडक 'जाऊ' लिहून मोकळी झाले. सातव्या प्रकरणात ही बाई आणि आजीचा नवरा लहानपणी एकाच झाडावरून पडल्याची आणि आईचा मार खाल्ल्याची आठवण निघाली. म्हणजे नणंद! सहा प्रकरणं मी नणंदेला जाऊ करून ठेवलेलं.

मग मी शहाणपणा केला. 'शोधा आणि बदला' मध्ये जाऊच्या जागी नणंद टाकलं आणि 'सर्व बदला' दाबलं. ३४० ठिकाणी बदल झाला. मी खूश. फाईल जतन केली, बंद केली, दोन दिवस पुढचं काम केलं. नंतर मागे वळून बघते तर:

'तो स्टेशनवर नणंदन परत आला.'
'चल, आपण समुद्रावर नणंदया.'
'नणंद दे गं, मनाला लावून घेऊ नकोस.'

बरं, 'जावेला', 'जावेनं' ही रूपं तशीच राहिली, कारण त्यांत जाऊ कुठे आहे? त्यामुळे एकाच परिच्छेदात बाई नणंद म्हणून दार उघडते आणि जाऊ म्हणून बंद करते. 'जाऊबाई' तेवढ्या बिनबोभाट 'नणंदबाई' झाल्या.

ही झाली करमणूक. आता प्रश्न. इंग्रजीत एवढ्या नात्यांना मिळून एकच शब्द कसा? आणि त्यात 'लॉ' कुठला, कोणता कायदा? दुसरं, महायुद्धाच्या भागात रुग्णालयात 'सिस्टर' येतात. मी त्यांना नन केलं. नवव्या प्रकरणात त्यांतल्या एकीचं लग्न ठरलं, तेव्हा काहीतरी चुकलंय हे लक्षात आलं. तिसरं, नातीच्या भागातली सोरॉरिटी (कॉलेजातल्या मुलींची संघटना) आणि सिस्टरहुड. 'भगिनीभाव' सुचतो, पण भगिनी हा शब्द माईक हातात असल्याशिवाय कुणी उच्चारतं का? हे शब्द आले कुठून ते कळलं तर कदाचित मराठी शब्द सुचेल, म्हणून इथे विचारते आहे.

शब्दवेडा

नणंद दे!!! मेलो हसून.

सिस्टरचं उत्तर सोपं आहे. संस्कृत स्वसृ, प्रथमेत स्वसा. त्यावरून सिस्टर. इंग्रजीतले निम्मे शब्द आपल्याकडूनच गेलेत, फक्त कबूल करत नाहीत.

निरुक्ती

शब्दवेडा, थोडं थांबा. स्वसृ आणि सिस्टर एकाच घरातले आहेत हे खरं, पण आई-मुलगी नाहीत, बहिणीच आहेत. दोघींची आई एक जुनी भाषा, जी कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकी बघा: लॅटिन सोरोर, गॉथिक स्विस्तार, जर्मन श्वेस्टर, रशियन सेस्त्रा, फारसी ख्वाहर. फारसीत 'स्व'चा 'ख्व' झाला, आणि वेल्शमध्येही साधारण तसंच, तिथे बहिणीला 'ख्वाएर' म्हणतात. संस्कृतातून उचलला असता तर प्रत्येकीनं आपापल्या नियमानं असा वेगळा मोडला नसता.

आता सिस्टरमधला 'ट' बघा. स्वसृच्या रूपांत, उदाहरणार्थ 'स्वस्रा'मध्ये, स आणि र चिकटतात. जर्मन कुळातल्या लोकांना 'स्र' म्हणताना मध्ये 'त' घ्यायची सवय, जीभ आपसूक तिथे टेकते. स्वतः भराभर 'स्र स्र' म्हणून बघा. आपला 'स्रोत' आणि इंग्रजीतली 'स्ट्रीम' यांच्यातही हाच फरक आहे, मूळ धातू एकच. रशियन सेस्त्रातही तो 'त' आहे. लॅटिनमध्ये नाही, फारसीतही नाही.

जुन्या इंग्रजीत शब्द होता स्वेओस्टर. आज त्यात 'व' उरलेला नाही, कारण आजचं रूप घडलं ते व्हायकिंगांच्या 'सिस्तिर'च्या वळणावर. उत्तर इंग्लंडमध्ये ते येऊन राहिले आणि आपला उच्चार ठेवून गेले. म्हणजे इंग्रजांची बहीणसुद्धा निम्मी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची, आहे.

स्वसृचा अर्थ काय, यावर यास्कानं निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात दोन तर्क दिलेत: चांगली राहणारी, किंवा स्वकीयांत बसणारी. युरोपीय अभ्यासकांचाही एक तर्क आहे, की 'स्व' म्हणजे आपली आणि 'सृ' म्हणजे बाई. त्याला आधार म्हणून तिसृ, चतसृ दाखवतात. संस्कृतात तीन आणि चार हे आकडे बायकांसाठी वापरताना ही रूपं होतात आणि त्यांतही तोच 'सृ' दिसतो. हा तर्क सुंदर आहे, पण तर्कच. मी यावर पैज लावणार नाही.

अर्धविराम

निरुक्ती, फार छान. पण मग मराठीत स्वसृ कुठे गेली? आपण तर बहीण म्हणतो.

निरुक्ती

बहीण भगिनीवरून आली. माईकवाली भगिनी झिजून घरातली बहीण झाली. स्वसृ मात्र गेलेली नाही, दुसऱ्या एका शब्दात दडून बसली आहे. मातृ + स्वसृ = मातृष्वसृ, प्राकृतात माउसिआ, मराठीत मावशी. त्यातली 'शी' म्हणजे सिस्टर.

आता तुमच्या अनुवादात पुढे कझिन येईलच, म्हणून आत्ताच सांगते. रोमन लोक नात्यांच्या बाबतीत आपल्यासारखेच काटेकोर होते. काका पात्रूउस, मामा अवुन्कुलुस, आत्या आमिता, मावशी मातेर्तेरा. त्यांची मुलंही वेगळी: चुलतभावंडाला पात्रुएलिस, आतेभावंडाला आमितिनुस आणि मावसभावंडाला कोन्सोब्रिनुस. या शेवटच्यातला 'सोब्रिनुस' सोरोरपासून, म्हणजे बहिणीपासून निघालाय. दोन बहिणींची मुलं ती कोन्सोब्रिनुस.

फ्रेंचमार्गे हे सगळं इंग्रजीत पोहोचेपर्यंत बरंच सांडलं. अवुन्कुलुसचा अंकल झाला, आमिताची आँट झाली, कोन्सोब्रिनुसचा कझिन झाला. म्हणजे मुळाप्रमाणे बघितलं तर अंकल हा मामा, आँट ही आत्या आणि कझिन मावसभाऊ! काका आणि मावशी वाटेत हरवले. आँटचा मुलगा कझिन म्हणणं म्हणजे आत्याच्या मुलाला मावसभाऊ म्हणणं.

शब्दवेडा

संस्कृतचा दावा मागे घेतो. आजवर ज्यांना अंकल म्हणालो, त्या सगळ्यांना आता मामा म्हणावं लागणार तर. काही जण दुखावतील.

रात्रपाळी

रुग्णालयातल्या सिस्टरचं मी सांगते. बावीस वर्षं नर्स आहे आणि त्यातली काही ब्रिटनमध्ये काढली आहेत.

आपल्याकडे नर्स दिसली की सिस्टर. तिथे तसं नाही. सिस्टर हा हुद्दा आहे. पूर्ण वॉर्ड जिच्या ताब्यात ती सिस्टर, बाकीच्या सगळ्या नर्स. माझ्या पहिल्या दिवशी मी एका नर्सला सवयीनं सिस्टर म्हटलं. ती घाबरून मागे वळून बघायला लागली, तिला वाटलं मोठ्या बाई आल्या. त्या पदावर पुरुष असेल तर त्याला चार्ज नर्स म्हणतात. ब्रदर नाही म्हणत, ते आपण काढलेलं आहे.

नाव मात्र मठांतूनच आलंय, त्यामुळे तुमची चूक अगदीच निराधार नाही. मध्ययुगात रुग्णालयं चालवायचे ते जोगी-जोगिणी. १६व्या शतकात आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, पण लंडनचं सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालय शहरानं पुन्हा उभं केलं. तिथल्या १५५२च्या नियमावलीत एक मेट्रन आणि तिच्या हाताखालच्या सिस्टर्स आहेत. त्या काही नन नव्हत्या, पगारी बायका होत्या. मठ गेला, हाक राहिली.

जर्मनीत तर नर्सला क्रांकेनश्वेस्टरच म्हणत आले, शब्दशः रुग्णांची बहीण. २००४पासून अधिकृत पदनाम बदलून 'शुश्रूषा करणारी' अशा अर्थाचं केलं, कारण ही नोकरी आहे, नातं नाही. मला ते पटतं. रात्री तीन वाजता कुणी सिस्टर म्हणून हाक मारली की बरं वाटतं हे खरं, पण पगारवाढ मागायला गेलं की हीच हाक आडवी येते.

अर्धविराम, तुमच्या कादंबरीत ती बाई इतरांना कामं सांगते का? किल्ल्या तिच्याकडे असतात का? मग ती वॉर्डाची प्रमुख. मराठीत 'सिस्टर'च ठेवा, पण पहिल्यांदा येते तिथे 'वॉर्डाच्या मुख्य सिस्टर' असं करा. आणि तिचं लग्न ठरलं म्हणजे नोकरी सुटणार हेही वाचकाला कळू द्या. त्या काळी लग्न झालं की बहुतेक ठिकाणी काम सोडावं लागे.

अर्धविराम

रात्रपाळीताई, किल्ल्या आहेत! कंबरेला. मी त्यांची जपमाळ केली होती, आता कुठे तोंड लपवू. आणि नवव्या प्रकरणात ती लग्न ठरल्यावर का रडते, हे मला आत्ता कळलं. मी तिथे 'आनंदाश्रू' लिहिलंय.

जुनी फाईल

तुमच्या 'लॉ'बद्दल. वकिली केली आहे म्हणून लिहितो, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

हा 'लॉ' म्हणजे कोर्टाचा नव्हे, चर्चचा कायदा. नवराबायको एकदेह झाले असं चर्च मानतं. मग बायकोची बहीण ती नवऱ्याची बहीणच, रक्तानं नसली तरी कायद्यानं. म्हणून सिस्टर-इन-लॉ. हे नातं सांगायला नव्हे, मनाई सांगायला बनलेलं नाव आहे: हिच्याशी लग्न करता येणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडनं १५६३मध्ये तर कोष्टकच काढलं, कोणाकोणाशी लग्न निषिद्ध त्याचं, आणि ते चर्चच्या भिंतींवर टांगलेलं असे. आपल्याकडच्या शब्दांचं काम उलटं. नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी, भावजय हे शब्द घरात कोण कुठे उभी आहे ते सांगतात. इंग्रजांना फक्त ती निषिद्ध आहे की नाही एवढंच हवं होतं, त्यासाठी एक शब्द पुरतो.

तुमच्या कादंबरीत विधुर आणि त्याची मेहुणी असा काही भाग आहे का? काळावरून शंका येते. १८३५पर्यंत अशी लग्नं चालून जात, दोघंही हयात असताना कुणी हरकत घेतली तरच मोडत. १८३५च्या कायद्यानं त्यापुढची सगळी मुळातच रद्दबातल ठरवली. बायको बाळंतपणात गेली, तिची बहीण मुलं सांभाळायला आली, आणि ती दोघं लग्न करू शकत नाहीत, अशी घरं थोडीथोडकी नव्हती. ज्यांना परवडे ते परदेशात जाऊन लग्न करत. चित्रकार विल्यम होल्मन हंट यानं १८७५मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन आपल्या मेहुणीशी लग्न केलं. कायदा बदलायची विधेयकं वर्षानुवर्षं येत राहिली आणि वरच्या सभागृहात बिशप मंडळी ती पाडत राहिली. शेवटी १९०७मध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न कायदेशीर झालं. मृत भावाच्या विधवेशी लग्नाला परवानगी मिळायला १९२१ उजाडलं. आणि घटस्फोटित बायको जिवंत असताना तिच्या बहिणीशी लग्न करायचं असेल तर थेट १९६०.

एक सावधगिरी. १९व्या शतकात 'इन-लॉ' सावत्र नात्यालाही लावत. मदर-इन-लॉ दिसली की लगेच सासू करू नका, सावत्र आईही असू शकते.

अर्धविराम

जुनी फाईल, तुम्ही कादंबरी वाचली आहे का हो? अकराव्या प्रकरणात नेमकं हेच आहे! आजीचा मोठा भाऊ विधुर होतो. त्याची मेहुणी घरात येते, मुलांचं सगळं बघते, आणि दोघं एकमेकांशी इतकं तुटक वागतात की मला वाटत होतं त्यांचं भांडण आहे. एक वाक्य तर मी गाळूनच टाकलं होतं, कारण अर्थ लागेना. ती म्हणते, 'माझी बहीण गेली आणि मी तुझी बहीण झाले.' मला वाटलं छपाईची चूक.

ते वाक्य परत घातलं. तळटीप देणार नाही, मधल्या संवादात एका पाद्र्याच्या तोंडी कोष्टकाचा उल्लेख आहेच, तो थोडा ठळक करते.

मधलं बोट

(नावावर जाऊ नका, तीन बहिणींतली मधली आहे.)

सोरॉरिटीबद्दल. अमेरिकेत शिकायला होते तेव्हा शेजारची खोली एका सोरॉरिटीवालीची होती. वसतिगृह म्हणू नका, महिला मंडळ तर मुळीच म्हणू नका. ग्रीक अक्षरांची नावं, गुप्त शपथ, प्रवेशासाठी निवड, आणि एकदा आत गेलात की जन्मभर सगळ्या 'सिस्टर'.

गंमत म्हणजे सुरुवातीला या बायकांच्या संघटनांना फ्रॅटर्निटीच म्हणत, म्हणजे बंधुमंडळ. १८६७मध्ये निघालेली पाय बीटा फाय अशीच बायकांची फ्रॅटर्निटी. सिरॅक्यूज विद्यापीठात १८७४मध्ये गॅमा फाय बीटा निघाली. तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांना, फ्रँक स्मॉली यांना, मुलींच्या संघटनेला भावाचं नाव खटकलं, म्हणून त्यांनी सोरोरवरून सोरॉरिटी म्हणायला सुचवलं. हॉवर्ड विद्यापीठात १९०८मध्ये अल्फा कप्पा अल्फा सुरू झाली, कृष्णवर्णीय मुलींची पहिली. तुमची नात कोणत्या गटातली आहे त्यावर खूप काही ठरतं, कारण या दोन परंपरांत 'सिस्टर'चं वजन सारखं नाही. चर्चमध्ये आणि नागरी हक्कांच्या चळवळीत कृष्णवर्णीय बायका एकमेकींना सिस्टर म्हणत होत्याच, कॉलेजचा त्याच्याशी संबंध नव्हता.

निरुक्ती

त्याहून जुनी एक आहे. जॉर्जियातल्या मेकन गावी १८५१मध्ये मुलींच्या कॉलेजात अडेल्फियन सोसायटी निघाली. ग्रीकमध्ये बहीण म्हणजे अडेल्फी, मूळ अर्थ 'एकाच गर्भातली'. आपली सहोदरा! ग्रीकांनी जुनी 'स्वसृ' टाकून हा शब्द धरला.

आणि भावंडांचं राहिलंच. आपल्या 'भावंडं'मध्ये भाऊच दिसतो. जर्मन उलटे, भाऊ-बहीण मिळून 'गेश्विस्टर', म्हणजे श्वेस्टरवरून. इंग्रजीत सिबलिंग हा जुना शब्द, मूळ अर्थ नुसता नातेवाईक. तो मेलेला होता, २०व्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी उकरून काढला. तोच 'सिब' गॉसिपमध्येही आहे. गॉड-सिब म्हणजे धर्ममायबाप, मग जवळची मैत्रीण, मग बाळंतिणीच्या खोलीत जमलेल्या बायका, मग त्यांच्या गप्पा, आणि शेवटी कुचाळक्या. नातं ते कुचाळकी हा उतार फक्त बायकांच्याच शब्दांना का मिळतो, हा माझा जुना राग आहे. सिसीचंही तेच. 'सिस'वरून लाडानं सिसी, म्हणजे ताईडी. १९व्या शतकाच्या अखेरीस ती भित्र्या पोराला द्यायची शिवी झाली.

अर्धविराम

राग पोहोचला. आता फक्त सिस्टरहुड उरलं. नात १९६८मध्ये वॉशिंग्टनला मोर्च्याला जाते, तिथे हातात पत्रक येतं, त्यावर 'सिस्टरहुड इज पॉवरफुल'.

मधलं बोट

ते पत्रक खरं आहे. जानेवारी १९६८, युद्धविरोधी बायकांचा मोर्चा, आणि ती घोषणा स्त्रीवादी कार्यकर्ती कॅथी साराचाइल्डची. शब्द मात्र जुना, आधी मठातल्या जोगिणींच्या समुदायाला लावत. या बायकांनी तो मठातून काढून रस्त्यावर आणला.

निरुक्ती

'हुड' हा जुन्या इंग्रजीतला 'हाद', अर्थ दर्जा किंवा अवस्था. म्हणजे 'बहीणपण'. भगिनीभावातला 'भाव' हा जुळवून आणलेला वाटतो. बालपण, आईपण, तसं बहीणपण.

रात्रपाळी

बहीणपण! हेच. माईक नको त्याला.

अर्धविराम (तीन दिवसांनी)

बहीणपण पक्कं केलं. पत्रकावर 'बहीणपणात बळ आहे'. मठाच्या प्रसंगात मात्र 'भगिनीसंघ' ठेवलं, तिथे तो जडपणा शोभतो. सोरॉरिटी देवनागरीत तशीच. किल्ल्या परत किल्ल्या झाल्या आणि आनंदाश्रूंतला आनंद काढला.

३४० ठिकाणं एकेक करून तपासली. खरी नणंद फक्त ६१ ठिकाणी होती, बाकी सगळं नणंदन आणि नणंदया. काल रात्री पूर्ण फाईल प्रकाशकांना पाठवली. आज सकाळी त्यांच्या संपादकांचा निरोप आला, सगळं छान आहे, एकच शंका. शेवटच्या प्रकरणात आजी मरताना नातीचा हात धरून म्हणते, 'मला आता नणंद दे.' त्यांनी विचारलंय, कोणाची?